बाबाच्या आवाजाचा हर्रास

राज्याची कोणती तरी संस्कृतीवाली संस्था हाय, तिचा वर्धापनदिन आमच्या महागावात होता. वाढदिवस त्यांचा, मांडव आमच्या गावात कायले, हा माहा पहिला डाऊट. दुसरा डाऊट त्यांच्या साहेबावर. मी नकला करतो हे त्याले कोणं सांगितलं काय मालूम. घरी येऊन म्हणे, "आम्हाला अस्सल बोली हवी. बाजारातला हर्रास करून दाखव."

हर्रास म्हणजे मार्केट यार्डातला लिलाव, अन् तो पुकारतो माहा बाबा. साहेब गेल्यावर बाबा म्हणे, "फुकटात चहा अन् माईक कोणी देत नाई. माह्यावर हसाले बोलावून राह्यले. माहा आवाज काढशील तं याद राख."

"नाई काढत न बाबा."

"तुयी 'नाई' मले माईत हाय."

कार्यक्रमात साहेबानं शूटिंग घ्याले मोबाईल उभा करून ठेवलता. मले वाटलं, तिकडं शहरात दाखवतीन, पाहा हे कसे बोलतात. म्हणून आधी मी साहेबाचीच नक्कल केली. कोणी हसलं नाई. हे शेवटी कुकर विकतीन, तवा पळता आलं पाह्यजे, म्हणून लोक दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलते. मंग घाबरून माह्या तोंडातून बाबाच निघाला, "बोलाऽऽ, बोला शेठ!"

स्टेजसमोर शोभेसाठी सोयाबीनचा ढीग घातलता. पहिल्या रांगेतला व्यापारी सवयीनं उठला, मूठभर दाणे घेतले, एक चावून पाहिला अन् भाव बोलला. दुसरा त्याच्याहून चढा भाव बोलला. आता यार्डाचा कायदा असा, का बोली लागली का 'तीन' म्हटल्याबिगर ढीग सोडायचा नाई. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, अन् अडकलो. माल संस्थेचा, मी इकणारा कोण?

तेवढ्यात मांडवाच्या दारातून खरा आवाज आला, "थांबा! माल ओला हाय. हर्रास बंद!"

बाबा कधी येऊन उभा राह्यलता, पत्ता नाई. अख्खा मांडव हसला, पण दाणा चावूनही ओल्या मालाले भाव बोलणाऱ्या त्या व्यापाऱ्यावर. साहेब माह्या कानाशी म्हणे, "हे तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?"

घरी जाताना बाबा एकदम म्हणे, "त्या मोबाईलात माहा आवाज गेला का?"

"दोघांचाही गेला."

"यार्डात कोणी हसलं तं तुले पाहतो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम यार्डात गेलतो. पहिल्याच ढिगावर एक शेठ दात काढून राह्यलता. बाबानं त्याच्याकडं पाहिलं, छाती भरून घेतली अन् असा लांबवून पुकारला का चार ढिगांवरचे लोक वळून पाहाले लागले. एरवी तो एवढं लांबवत नाई. मले डाऊट हाय, तो माही नक्कल करून राह्यलता.