वांगी रंगाचा स्वेटर

आमच्या शाळेत हिवाळ्यात गरीब मुलं लांबूनच ओळखू यायची. ती सोय महिला मंडळाने करून ठेवली होती.

नव्वदच्या दशकात कॉलनीतल्या बायकांच्या विणकामातून हे मंडळ सुरू झालं. पुढे त्याची स्वतःची इमारत झाली, पण तेव्हा कुणाच्या तरी ओट्यावर दुपारची बैठक असे. विणता विणता त्यांच्या मनात आलं, बाप नसलेल्या मुलांसाठी काही करावं. मग वह्या, दप्तरं आणि दर हिवाळ्यात हाताने विणलेला एकेक स्वेटर. माझी आणि ताईची शाळा त्यांच्यामुळेच टिकली, हे मी नाकारत नाही. वडील गेल्यावर आई गणेशवाडीच्या फुलबाजारात झेंडू विकायची. त्यात खाणंच जेमतेम भागायचं.

पोरांत डावं-उजवं नको म्हणून बायका एकाच रंगाची लोकर आणत, वांगी. हेतू चांगलाच होता. पण सगळ्या शाळेत तो रंग आमच्याशिवाय कुणाच्या अंगावर नसे. मुलं आम्हाला 'मंडळाची' म्हणत. मी लहान, मला ऊब मिळाली की पुरे. ताई नववीत होती. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली होती.

शाळा सकाळची. आई अंधारातच बाजारात गेलेली असायची. ताई स्वेटरची घडीही न मोडता तो दप्तरात टाकायची, मंडळाच्या कुणी विचारलं तर दाखवता यावा म्हणून. त्या वर्षी नाशकात थंडीने कहर केला होता. मी म्हणायचे, घाल गं. एकदा ती म्हणाली, "थंडी शाळेत पोचेपर्यंतच असते. नाव दिवसभर पुरतं."

आधी खोकला, मग ताप. आईने काढे दिले. सरकारी दवाखान्यात नेलं तोवर न्यूमोनिया झाला होता. संक्रांतीच्या आत ताई गेली. थंडीने गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

मंडळाच्या बायका भेटायला आल्या. दिलेल्या वस्तू परत कराव्यात म्हणून आईने ताईचं दप्तर त्यांच्यापुढे रिकामं केलं, तर तळाशी स्वेटर. ज्या काकूंनी तो विणला होता, त्यांनी स्वतः घातलेली घडी ओळखली. त्यांनी मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी तो तसाच आईच्या हातात परत ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच काकू एकट्या घरी आल्या, पिशवीत तऱ्हेतऱ्हेच्या रंगांची लोकर घेऊन. म्हणाल्या, "आता प्रत्येकाला विचारूनच विणतो. तुला कोणता रंग हवा गं?"

मला त्यांचा संताप आला. हे आधी सुचलं नाही?

आई शांतपणे म्हणाली, "नको बाई. हिला तिच्या ताईचा हाय."

त्या गेल्यावर मी पेटीतून तो काढून घातला. ढगळ झाला. बाहीत नाक खुपसून मी ताईचा वास शोधत राहिले. अजून नव्या लोकरीचाच वास येत होता.