पाळण्याच्या वर्णनात्मक नोंदी

माझ्या गळ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं, असं डॉक्टर म्हणाले. थायरॉईडची गाठ निघाली, टाके सुरेख बसले आणि आवाज गेला. अगदी गेला असंही नाही. रिक्षावाल्याशी भांडण्यापुरता राहिला. सूर म्हणून जे काही असतं ते मात्र त्या गाठीबरोबरच बशीत पडलं असावं. "तुम्ही गाता का?" असं डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, तेव्हा मीच नाही म्हणाले होते. खोटं नव्हतं ते. मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका, आता निवृत्त. गायचे ती फक्त बारशाला.

पण बारशाला म्हणजे माहेरच्या आणि सासरच्या एकूण एक बारशाला. पाळणा मीच रचायचा, मीच म्हणायचा. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. आत्या बाळाच्या कानात नाव सांगेपर्यंत ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पाळण्याचं शेवटचं कडवं मोकळं ठेवायचं. आत्याच्या पाठीत धपाटे बसले, तिनं नाव जाहीर केलं, की गाणारीनं तिथल्या तिथं ते नाव कडव्यात बसवून म्हणायचं. तोवर दोरी धरलेल्या बायका हात थांबवून गाणारीच्या तोंडाकडं बघत बसतात. ती थांबलेली दोरी हाच काय तो माझा मान. एरवी मला कोण विचारतंय!

यंदा मोठ्या भावाला नात झाली. बाळाची आत्या म्हणजे माझी भाची. ती पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करते, काय ते तिच्या आईलाही सांगता येत नाही. तिचा फोन आला, "आत्या, तू गळ्याला अजिबात ताण द्यायचा नाही. पाळणा आपण एआयकडून गाऊन घेऊ. तू फक्त शब्द लिही."

"आणि शेवटचं कडवं? नाव तर तू सांगणार नाहीस."

"तिथं नुसतं बाळ म्हण ना. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार कुठल्या तोंडानं? फोनवर माझा आवाज ऐकून गॅसवाला मला काका म्हणतो.

तिनं माझ्या मोबाईलवर ते ॲप टाकून दिलं. त्यात दोन चौकोन. एकात गाण्याचे शब्द लिहायचे, दुसऱ्यात गाणं कसं हवं त्याचे टॅग. म्हणजे मराठी, बाईचा आवाज, हळुवार, पेटी, असं एकेका शब्दात वर्णन. नमुना म्हणून तिनंच एक करून पाठवला. विशीतली कुणी मुलगी साडीच्या दुकानाची जाहिरात करावी तशी गात होती. मागं बासरी. बाळाला एकेक लाडीगोडी अशी लावत होती की बाळ नाही, गिऱ्हाईक झोपावं.

मी म्हटलं, राहू दे बाई, मीच बघते. 'लोकगीत' असा टॅग टाकला तर ढोलकी कडाडली. आता शिट्ट्या येणार असं वाटून मी उठून दार लावून घेतलं. 'पारंपरिक' लिहिलं तर टाळ-मृदंग आला आणि आख्खं भजनी मंडळ पाळण्याभोवती जमलं. मग वाटलं, आपलं वय सांगून बघावं. 'साठीची बाई' लिहिलं, तर मालिकेत तिसऱ्या मिनिटाला मरणारी एक म्हातारी कापऱ्या आवाजात गायला लागली. मी कपाळाला हात लावला.

मग डोक्यात प्रकाश पडला. टॅग, टॅग म्हणजे तरी काय? वर्णनात्मक नोंदी! हात्तिच्या! हे तर माझं आयुष्यभराचं काम. शाळेत प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाला आम्ही नोंद लिहायचो. 'स्वतःहून प्रश्न विचारते.' 'आत्मविश्वासाने बोलते.' 'कविता तालासुरात म्हणते.' वर्गात साठ पोरं, आणि बाजारात नोंदींची तयार पुस्तिका मिळायची. पुस्तिकेत बघायचं, वहीत लिहायचं. माळशिरसकडच्या शाळेत एक मुलगी होती, वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. तिच्याही पुढं मी 'कविता तालासुरात म्हणते' लिहून मोकळी झाले होते. अधिकाऱ्यांनी त्या वहीला चांगला शेरा दिला.

तर म्हटलं, आता स्वतःचीच नोंद लिहू. मशीनला नीट सांगितलं की माझा आवाज कसा होता, तर ते तसं गाईल. वही घेतली, पेन घेतलं, आणि पहिल्या ओळीलाच अडले. कसा होता माझा आवाज? गाताना मी शब्द बघायची, बाळ बघायची, दोरी बघायची. आवाज कधी ऐकलाच नव्हता.

वहिनीला फोन केला. माझ्या प्रत्येक पाळण्याला शेजारी बसून मांडीवर ताल धरायची ती.

"वहिनी, माझा आवाज कसा होता हो?"

"छान होता की."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे..." मग म्हणाली, "मोठा होता. मागच्या खोलीत ऐकू यायचा."

शेजारच्या तेलुगू काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चाला बागुंडेदी." म्हणजे फार चांगला होता. बार्शीच्या चुलत बहिणीनं 'गोड' म्हणून सांगितलं आणि लगेच आपल्या गुडघेदुखीवर आली. एका बारशाचा व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडला. त्यात मिक्सर चालू होता, दोन बायका कुणाच्या तरी सुनेला नावं ठेवत होत्या, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी मी होते. छान, मोठा, गोड. माझ्या साठ पोरांना दिलेल्या नोंदी फिरून माझ्याच नावावर आल्या.

खरं सांगते, त्या दिवशी मी रडले. आवाज गेला ते मी सोसलं होतं. वय झालं, गाठ झाली, चालायचंच. पण इतकी वर्षं गायले आणि कसं गायले ते एकालाही सांगता येऊ नये? मग मी गायलेच कशाला?

आमचे हे त्या वेळी अंगणात होते. पाण्याचा दिवस होता. सोलापुरात चार दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा माणूस बायकोच्या रडण्याकडं बघणार की टाकीकडं? हे होटगीला रेल्वेत होते, आता निवृत्त. मूळचे गावाकडचे, अजून बोलणं तसंच. मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारायचं काय! बारशाला हे कायम बाहेर, पुरुषांत. आणि माझा पाळणा संपतो न संपतो तोच बाहेर यांची स्कूटर सुरू झालेली असायची. यावरून आमची किती भांडणं झाली असतील! 'जरा दम धरवत नाही तुम्हाला, बाईमाणसात चार घटका बसूसुद्धा देत नाही,' असं मी दर वेळी परतीच्या वाटेवर ऐकवायची आणि हे दर वेळी गप्प गाडी चालवायचे.

हातात पाईप धरून हे म्हणाले, "काय लिवायलीस?"

"माझ्या आवाजाचं वर्णन. मशीनला द्यायचंय. तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

"लिव," हे म्हणाले. "घसा खाकरत न्हाईस, तशीच सुरू करतीस."

मी वहीतून मान वर केली.

"पैलं कडवं लई वर धरतीस. मग झेपत न्हाय. तिसऱ्याला गपचिप खाली उतरतीस, आन तुला वाटतंय कुणाला कळलं न्हाय." पाईप दुसऱ्या पिंपात टाकून म्हणाले, "नाव आलं की हसतीस. दर टायमाला. चालीत बसत न्हाय म्हणून. आन शेवटचं जो जो वढत न्हाईस, सोडून देतीस. तवा मी गाडी काढाय उठतो. तीन किकबिगर सुरू हुत न्हाय ती."

"तुम्हाला कुठं ऐकू यायचं सगळं? तुम्ही बाहेर असायचा."

"खिडकीपाशी खुर्ची घेतो की मी."

मी मान खाली घालून शाळेच्या सवयीनं सगळं टिपून घेतलं, अगदी शुद्ध भाषेत. 'गाण्यापूर्वी घसा खाकरत नाही. पहिले कडवे उंच स्वरात सुरू करते. तिसऱ्या कडव्यात नकळत खाली येते. नावाच्या ठिकाणी हसते. शेवटचा जो जो ओढत नाही, सोडून देते. तेव्हा गाडी काढावी.' श्रुतलेखनात गाळायचं नसतं, म्हणून गाडीही लिहिली. डोळ्यांत पाणी असल्यामुळं म्हणा किंवा मास्तरकीमुळं म्हणा, नोंदी मी पहिल्या, मोठ्या चौकोनात भरल्या आणि पाळणा खालच्या लहान चौकोनात. शाळेच्या नमुन्यात नोंदींचाच रकाना मोठा असायचा.

मशीननं माझ्या नोंदी गायल्या.

पेटीचा एक सूर झाला आणि एक बाई अतिशय मायेनं गाऊ लागली, "गाण्यापूर्वी घसा खाकरत नाही..." 'नकळत खाली येते' ला तिनं सुंदर हरकत घेतली. 'तेव्हा गाडी काढावी' तर तिनं तीनदा घेतलं, आळवून आळवून, शेवटी तर एकदम रडवेली झाली. मी त्या फाटक्या आवाजात इतकी हसले की टाक्यांची जागा दुखायला लागली. ह्यांच्या हातातला पाईप पिंपाबाहेर कधी गेला ते ह्यांना कळलं नाही.

"बंद कर ते," हे म्हणाले. कान लाल झाले होते.

मग मी चौकोन अदलाबदल केले. आता मशीन पाळणा गाऊ लागलं, आणि गातही होतं नोंदीबरहुकूम. घसा न खाकरता सुरुवात, पहिलं कडवं वर, तिसरं खाली, शेवटचा जो जो सोडलेला. चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा चांगलंच असेल. तेच, नावाच्या कडव्याशिवाय, भाचीला पाठवून दिलं.

बारशाच्या दिवशी भावाच्या घरी पाळणा सजला, भाचीनं स्पीकर लावला. ह्यांनी बाहेर मांडवात खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतलेली मी आतून पाहिली. आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. गाणं सुरू झालं, बायकांनी दोरी ओढायला घेतली. पहिलं कडवं संपायच्या आतच वहिनी माझ्या कानाशी लागली, "अगं बाई! हुबेहूब तुझा आवाज!" बार्शीची बहीण म्हणाली, "सेम टू सेम!" हो का? आठ दिवसांपूर्वी ह्याच दोघींना माझ्या आवाजाबद्दल दोन शब्द जुळवता येत नव्हते.

माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. चौथं कडवं झालं, पाचवं झालं. मशीननं शेवटचा जो जो बरोबर सांगितल्यासारखा सोडून दिला. हे उठले नाहीत. पेपरमधून मान वर केली नाही. टाळ्या वाजल्या, तरी हे तसेच.

सगळ्या गोतावळ्याला माझा वाटलेला आवाज त्या एका माणसाला माझा वाटला नाही, आणि तोच खरं सांगत होता.

इकडं भाचीनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, तिनं नाव जाहीर केलं. पाच अक्षरी, जोडाक्षरांचं, संस्कृतमधून नुकतंच उचकून काढल्यासारखं. आणि मग सगळं थांबलं. सवयच ती. बायकांनी हातातली दोरी थांबवली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. नावाचं कडवं राहिलं होतं.

भाची घाबरली. तिनं मोबाईलवर काहीतरी दाबलं, तर मशीननं पहिल्यापासून पाळणा सुरू केला.

"बंद कर गं ते," वहिनी म्हणाली आणि मला कोपरखळी मारली. "म्हण की."

"माझा आवाज ऐकलात का?"

"लई ऐकलाय. म्हण."

राग आला मला. लाज वाटली. बाळ टक्क उघड्या डोळ्यांनी वर बघत होतं. मी घसा न खाकरता सुरू केलं. जो आवाज निघाला त्याला आवाज म्हणायचं धाडस माझं मलाच होईना. अर्धा वाराच होता तो. नावापाशी आले, तर ते पाच अक्षरी प्रकरण चालीत कुठूनच शिरेना, आणि मला हसू फुटलं. तशीच पुढं गेले. शेवटचा जो जो ओढण्याइतका श्वासच नव्हता. सोडून दिला.

बाहेर स्कूटरला किक बसली. मग दुसरी.

अजून घुगऱ्या वाटायच्या होत्या, जेवणं व्हायची होती. मी खिडकीशी गेले. खुर्चीवर नुसता पेपर पडला होता. जेवढं ओरडता येत होतं तेवढं ओरडले, "अहो, जरा दम धरा की!"

तिसरी किक बसलीच नाही. ह्यांना ऐकू गेलं होतं.