सातव्या सिलिंडरचा दुसरा बोल्ट

काका चहा पिण्याआधी कपाचा कान हलवून बघायचे. खुर्चीत बसण्याआधी तिच्या पाठीला हलका धक्का द्यायचे. बोल्ट मोजताना आकडे ओठांतल्या ओठांत म्हणायचे. दिवस संपला की टॉर्क पान्याचा आकडा शून्यावर आणायचे आणि मगच तो पेटीत ठेवायचे. हा पाना ठरवलेल्या जोराला पोचला की 'कट्' वाजतो. आतली स्प्रिंग ताणलेली राहिली तर पाना खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ. आधी पाना, मग ब्रश. उलटं कधीच नाही.

लिहायला बसले तर एवढंच नीट आठवतं आहे.

काका, म्हणजे सगळ्यांचेच काका, ज्या वर्कशॉपमध्ये इंजिनं बांधायचे, तिथे माझं काम लिहिण्याचं. साहित्यात एम. ए. केलं आणि इंजिनांच्या वह्या लिहायला लागले. कुठलं इंजिन कधी उघडलं, काय बदललं, कोणी बंद केलं. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "बाई, इथे उपमा चालत नाहीत. मिलिमीटर चालतात." मग स्वतःच एक उपमा देऊन बसले. "टर्बोवाल्या इंजिनाला दुसरं कोणीतरी तोंडात हवा फुंकून देतं. आपली इंजिनं आपल्या दमावर श्वास घेतात. म्हणून त्यांची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत. वर नेलंच नाही, तर ते इंजिन तुम्हाला भेटलंच नाही असं समजा."

काकांनी बांधलेलं एक दहा सिलिंडरचं इंजिन नऊ वर्षं एका निवृत्त डॉक्टरांच्या गाडीत होतं. मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेणारं. गाडी दरवर्षी तेल बदलायला यायची. काका बाकी कोणत्याही गाडीसाठी उठून बाहेर जात नसत. हिच्यासाठी जायचे.

"किती फेऱ्यांपर्यंत नेता, डॉक्टर?"

"चार हजार. त्याच्या वर गेलं की माझंच ब्लडप्रेशर वाढतं."

काका हसायचे. मग आत येऊन बराच वेळ हात धूत राहायचे. मी तीन वर्षं हे बघत होते. मला वाटायचं, माणसाचा एखाद्या गाडीवर जीव असतो.

या वर्षी डॉक्टरांबरोबर त्यांची भाची आली. पंचविशीची, शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्या चालवणारी.

"मामांनी हिला नऊ वर्षं झोपवून ठेवलंय," ती म्हणाली. "आता गाडी माझी. पुढच्या महिन्यात ट्रॅकवर नेते आणि बघते वर काय आहे ते."

त्या दिवशी काकांनी हात धुतले नाहीत. तसेच माझ्या केबिनमध्ये आले, दार लावलं.

"त्या इंजिनाची वही काढा. एक गोष्ट लिहायची राहिली आहे."

नऊ वर्षांपूर्वी ते इंजिन बांधताना काका पिस्टनला धरून ठेवणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आवळत होते. प्रत्येक रॉडला दोन, असे वीस. सातव्या सिलिंडरचा दुसरा बोल्ट चालू असताना काकूंचा फोन आला. काकांचे थोरले भाऊ गेले होते. पाना हातात धरायला त्यांनीच शिकवलं होतं. काका बाहेर गेले, परत आले, उरलेले बोल्ट आवळले आणि भावाच्या घरी निघाले. ते पाच दिवसांनी परतले. तोपर्यंत फोरमननी पिवळ्या रेघा मोजून इंजिन बंद केलं होतं. वीसच्या वीस होत्या.

"मग काय प्रश्न आहे?" मी विचारलं.

"रेघ होती, बाई. पण 'कट्' ऐकल्याचं आठवत नाही. फोनच्या घाईत आधी रेघ मारून टाकली असेल तर?"

मी लिहिलं, 'हा बोल्ट पूर्ण आवळायचा राहिला असावा.' काकांनी वाचलं.

"'असावा' खोडा. 'आठवत नाही' लिहा. खरं तेवढंच आहे."

वही घेऊन ते स्वतः बाहेर डॉक्टरांसमोर उभे राहिले. डॉक्टरांनी दोनदा वाचलं.

"नऊ वर्षं बोलला नाहीत?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

भाचीनं वही डॉक्टरांच्या हातातून घेतली, वाचली, परत दिली. "उघडा," ती म्हणाली. "मी थांबते."

इंजिन उतरवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते उलटं करून स्टँडवर लावलं, खालचं ऑइल पॅन काढलं. आत रेघा तशाच होत्या, तेलानं थोड्या तपकिरी झालेल्या. पाना लावायचा, बोल्ट जागचा न हलता 'कट्' वाजलं तर ठीक. हलला, तर राहिला होता.

फोरमन वैतागले. "काका, तो ढिला असता तर पहिल्या महिन्यातच रॉड बाहेर येऊन आपल्याला भेटला असता."

"चार हजारावर नसता आला. फेरे दुप्पट झाले की बोल्टवरची ओढ चौपट. ती पोरगी साडेआठवर नेणार आहे."

"मग सरळ सातव्यावर जा ना."

"नऊ वर्षं त्या एकावरच मन होतं. बाकीचे एकोणीस तरी मला कुठे नीट आठवतात?"

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. कट्. मी वहीत खूण करायची. कट्. सहा सिलिंडर, बारा बोल्ट. मग सातव्याचा पहिला. कट्. तेरा.

चौदाव्यावर त्यांनी पाना बसवला. काढला. फडक्यानं बोल्ट पुसला. पुन्हा बसवला. चार वाजले होते आणि दारातून चांगलं ऊन येत होतं.

"उद्या," काका म्हणाले. "सकाळी हात ताजा असतो."

"एका 'कट्'चं तर काम आहे," फोरमन हळूच म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी पाना टेबलावर ठेवला, डबा उचलला आणि गेले. सुटायला दोन तास होते. असे ते आधी कधीच गेले नव्हते.

सकाळी काकूंचा फोन आला, काका गेले. बूट घालायला वाकले, ते परत ताठ झाले नाहीत.

मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी मला खुर्ची दिली. बसण्याआधी माझा हात आपसूक तिच्या पाठीकडे गेला. तेव्हा दिसलं. खुर्चीच्या स्क्रूवर पिवळी रेघ. मग दाराच्या बिजागरीवर, कपाटाच्या कडीवर, कुकरच्या दांड्यावर. काकूंनी चष्मा काढून पुढे केला. काडीच्या त्या एवढ्याशा स्क्रूवरसुद्धा.

"नऊ वर्षं हेच," त्या म्हणाल्या. "सगळ्या घराला. विचारलं तर म्हणायचे, असू दे. कसली गं ही रेघ?"

"काम पूर्ण झालं की मारायचे."

काकूंनी चष्मा परत लावला. "मग झालं का पूर्ण?"

इंजिन पुन्हा हाती घेतल्यावर त्यांना सगळं सांगेन, असं ठरवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी फोरमननी इंजिनावरचं प्लास्टिक बाजूला केलं. मी वही उघडली. ते म्हणाले, "मीच लावतो. रेघा मोजून बंद मीच केलं होतं." टेबलावरचा पाना त्यांनी उचलला आणि तसेच थांबले. मग मला तो दाखवला.

आकडा शून्यावर नव्हता. काकांनी लावला होता तिथेच होता. स्प्रिंग त्या दुपारपासून ताणलेली होती.

"ह्याच्या 'कट्'वर आता विश्वास ठेवायचा कसा?" फोरमन म्हणाले. कपाटात दुसरा पाना आहे. ते त्यांनाही माहीत आहे, मलाही. त्यांनी काकांचा पाना होता तसाच, होता तिथे ठेवला आणि प्लास्टिक परत ओढलं.

भाचीचा फोन येतो. ती घाई करत नाही, फक्त विचारते. मी सांगते, अजून नाही.

वहीत तेरा खुणा आहेत. चौदाव्या ओळीत मी त्या दुपारी आधीच लिहून ठेवलं होतं, 'सिलिंडर सात, बोल्ट दोन'. पुढे जागा सोडली आहे.