चार नंबरचा डबा

आमच्या शेजाऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू तपासल्याशिवाय पास केली नाही. दूध तर नाहीच, कारण मानवतच्या दूध केंद्रावर ते टेस्टर होते आणि दूध नापास करण्याचाच त्यांना पगार होता. पण चहा, गूळ, खडू, चपलेचं चामडं, पाहुण्यांनी आणलेले पेढे आणि मी, शेजारच्या खोलीत राहायला आलेला नवा मास्तर, यांतलं काहीही त्यांच्या तपासणीतून सुटलं नाही. मी ट्रंक खाली ठेवली, त्या क्षणी त्यांनी मला खालून वर आणि वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, वजन किती?" मी म्हणालो, "सेहेचाळीस." ते म्हणाले, "घट हाय." आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी न तपासता घेतली, ती म्हणजे बायको. मुलगी पाहायला गेले ते चहाचा वास घ्यायच्या आतच हो म्हणून बसले, असं वहिनी स्वतः हसत सांगायच्या. हा माणूस इतरांच्या खिशाला पेन असतं तसं खिशाला दूध मोजायची काचेची नळी लावून फिरायचा आणि पँटच्या खिशात आयोडीनची छोटी बाटली ठेवायचा. दुधात पीठ मिसळलेलं असलं की आयोडीनच्या थेंबानं ते निळं होतं, एवढं विज्ञान त्यांनी गावभर शिकवून ठेवलं होतं.

त्यांच्याबरोबर कुठे जेवायला जाणं ही शिक्षाच होती. बुद्धजयंतीला खिरीचं वाटप चाललं होतं, तर ह्यांनी द्रोणात थेंब टाकला. खीर निळीकाळी झाली. "पीठ हाय!" ते ओरडले. वाढणाऱ्या म्हातारीनं पळी तशीच हातात धरून सांगितलं, "आरं बाबा, खिरीत तांदूळ घालतात. तुझ्या आईनं कशाची केली होती?" ते ओशाळले, पण दोन मिनिटांनी मला हळूच म्हणाले, "तरी पण थेंब खरं बोलला का न्हाई?" चहा आला की आधी वास घ्यायचे, मग बशीत ओतून उजेडात धरायचे, मग एक घोट जिभेवर फिरवायचे, आणि तोवर चहा गार झालेला असे. गार चहा त्यांना आवडत नसे. त्यामुळे आमच्या ओळखीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी चहा आनंदानं प्यायल्याचं मला आठवत नाही.

मी ह्या सगळ्याला हसायचो. एकदा मात्र त्यांनी माझं हसणं थांबवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका बड्या बागायतदाराचे दोन कॅन परत केले होते, पाणी घातलं म्हणून. मालकानं वर तक्रार केली की हा माणूस आकसानं करायलाय, ह्याच्या लोकांना आमचं दूध नासवायचंय. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावात मनं आंबलेली होती तो काळ. वरून साहेब आले, त्यांनी पुन्हा तपासलं, आकडा तंतोतंत तोच निघाला. साहेब निघून गेले. हे सांगून टेस्टरसाहेब मला म्हणाले, "गुरुजी, तुमचं गणित फळ्यावर चुकलं तर पोरं म्हणतील मास्तर चुकला. माझं रीडिंग चुकलं तर कोन म्हननार न्हाई की रीडिंग चुकलं. माझी जात सांगतील." तेव्हापासून ते प्रत्येक नमुना तीनदा तपासायचे. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली तपासणीची एक वही टांगलेली असायची. त्या वहीत आजवर एकही खाडाखोड नाही, हे ते दर आठ दिवसांनी मला सांगत.

वहिनी म्हणजे त्यांच्या अगदी उलट. दाराशी आलेली भाजी न निवडता घ्यायच्या, उसनी साखर मोजून परत द्यायच्या नाहीत, जरा जास्तच द्यायच्या. मूलबाळ नव्हतं. माझा बंब, माझा सदरा, माझं लग्न, सगळ्याची काळजी त्या करायच्या. माझं लग्न जमत नव्हतं, कारण मुली मला पाहिलं की आत जाऊन रडायच्या, असा माझ्या अंगकाठीचा लौकिक होता. वहिनींना जिना चढला की धाप लागायची. एका वर्षी पाय सुजले, म्हणून परभणीला दाखवलं, तिथून मुंबईला पाठवलं. हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन करता येईल म्हणाले, पण वजन छत्तीस किलो, अंगात ताकद नाही, भूल सोसायची नाही. चार-पाच किलो वाढवून या. दूध, अंडी काही पोटात ठरत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "प्रोटीनची पावडर द्या. दुधाच्या निवळीची करतात, व्हे म्हणतात, ती. पिठाची भेसळ नको. चांगली बघून घ्या."

चांगली बघून घ्या! डॉक्टर हे वाक्य दिवसातून पन्नास जणांना बोलले असतील. बाकीचे एकोणपन्नास जण दुकानात गेले असतील आणि समोर दिसेल तो डबा घेऊन घरी आले असतील. पण त्या दिवशी त्यांनी ते भलत्या माणसाला सांगितलं होतं.

पहिला डबा गावातल्याच मेडिकलमधून आला. टेस्टरसाहेबांनी झाकण उघडून वास घेतला, चिमटीत चोळलं, कोमट पाण्यात चमचाभर कालवलं, थेंब टाकला. निळं. "पीठ," म्हणाले आणि डब्यावर कागद चिकटवून लाल पेन्सिलीनं लिहिलं, एक नंबर, नापास. तेच वहीतही वेगळ्या पानावर उतरवलं. दुसरा परभणीहून आणला, तो पाण्यात विरघळेना, तळाला गाळ. नापास. तिसरा नांदेडहून. ह्याच्या चॉकलेटी रंगात निळं दिसेना, म्हणून ग्लासातला रंग जवळजवळ जाईपर्यंत त्यांनी त्यात पाणी घातलं आणि शेवटी एक निळी रेघ शोधून काढलीच. तोवर दिवाळी आली होती. मी म्हणालो, "साहेब, चांगला मिळेपर्यंत ह्यातलाच थोडा देऊन तर बघा." ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी केंद्रावरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलंय. "तिला? नापास माल?"

नापास झालेले डबे मात्र फेकायचे नाहीत, दुधाच्या धंद्यातला माणूस काही सांडत नाही. ते डबे त्यांनी माझ्याकडे दिले. "घरमालकाच्या वासराला घाला, गुरुजी. वाया जाऊ देऊ नका. पन मानसाला द्यायचं न्हाई." मी हो म्हणालो. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. वासराला त्यातला एक चमचा मिळाला नाही. खोलीचं दार लावून ते तिन्ही डबे मी खाल्ले. मला बायको हवी होती, आणि मुली सेहेचाळीस किलोच्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

दर रविवारी सकाळचं दूध गेलं की टेस्टरसाहेब वहिनींना केंद्रावरच्या मोठ्या काट्यावर उभं करायचे. कॅन मोजायचा काटा तो. वहिनींना एकट्यानं उभं राहायला लाज वाटायची, म्हणून सोबतीला मीही उभा राहायचो. वहिनी छत्तीस. मी अठ्ठेचाळीस. पंधरा दिवसांनी वहिनी साडेपस्तीस, मी पन्नास. टेस्टरसाहेब दोन्ही आकडे वहीत लिहायचे आणि माझी पाठ थोपटायचे, "गुरुजी, मानवतचं पानी मानवलं बरं तुमाला!" मला काट्यावरून खाली उतरावंसं वाटे, जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटे. त्यांच्यासारख्या चिकित्सक माणसाला ह्यात काही संशय येऊ नये, याचं मला आजही नवल वाटतं. माणसांवर त्यांचा जीव असला की त्यांचा थेंब चालत नसे. वहिनींना मात्र सगळं कळलं होतं. एका रविवारी काट्यावरून उतरता उतरता त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, वासरू लय चांगलं वाढायलंय." मी लालबुंद झालो. त्या हसल्या आणि धाप लागून तिथंच कॅनवर बसल्या.

चौथा डबा आखातातून आला. त्यांचा मावसभाऊ तिकडे वायरमन होता, त्यानं कुणाच्या तरी हाती पाठवला. डबा कसला, बादलीच. वर एका उघड्याबंब गोऱ्या पहिलवानाचं चित्र. वहिनी ते बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे खाऊन मी अशी झाले तर लुगडं कसं नेसू?" टेस्टरसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आशा पाहिली. वास, पास. चिमूट, पास. विरघळली, गाळ नाही. थेंब टाकला, निळं नाही. मी टाळीच वाजवली. मग ते म्हणाले, "आता उकळून बघू." दूध चांगलं का नासकं, हे केंद्रावर उकळून बघतात, फाटलं की कॅन परत. त्यांनी चमचाभर पावडर पाण्यात कालवून परीक्षानळीत घातली आणि स्टोव्हवर धरली. आम्ही तिघं बघत होतो. नळीतल्या पाण्यात पांढऱ्या गुठळ्या झाल्या. टेस्टरसाहेबांनी ती नळी उजेडाला धरली, पुन्हा केली, पुन्हा केली. तिन्ही वेळा गुठळ्या. "फाटलं," एवढंच म्हणाले. वहिनींनी लाल पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

चार नंबरचा डबा मी सव्वा महिना खाल्ला, तरी बादलीत बरंच उरलं होतं. माझं चार किलो वजन वाढलं. गालावर मांस आलं, सदरे तोकडे झाले, एका मुलीकडून होकारही आला. वहिनी चौतीसवर आल्या होत्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. टेस्टरसाहेब ड्यूटीवर गेल्यावर उरलेला डबा घेऊन मी वहिनींकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, मी खाल्लंय, मला काही झालं नाही, उलट चांगलं झालं. मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही घ्या." त्यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "चवीला कसं लागतं हो?" मी म्हणालो, "सायीसारखं." त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. "नको भाऊजी. ह्यांनी नापास केलंय. आख्खा तालुका ह्यांच्या रीडिंगवर शक घेतो. घरानं तरी घेऊ नये." मी हट्ट धरायला हवा होता. पाया पडायला हवं होतं. टेस्टरसाहेबांसमोर उभं राहून, मीच तुमचं वासरू, असं सांगायला हवं होतं. पण माझं लग्न ठरत होतं आणि मला माझ्या अब्रूची काळजी होती. मी डबा घेऊन खोलीवर आलो.

पाचव्या डब्यासाठी पत्र गेलं होतं. मधेच नामांतरावरून पुन्हा पेटलं, एसटी बंद, दुकानं बंद, पार्सल कुठं अडकलं कुणाला ठाऊक नाही. माघातल्या एका सकाळी वहिनी चूल पेटवायला वाकल्या आणि उठल्या नाहीत. डबा बाराव्या दिवशी आला. टेस्टरसाहेबांनी तो उघडला नाही, त्यावर नंबर घातला नाही, फोटोखाली वहीशेजारी तसाच ठेवून दिला.

पुढे माझं लग्न झालं, मी बदलून चुडाव्याला गेलो. टेस्टरसाहेबांची भेट अधूनमधून व्हायची, आणि दर भेटीत ते माझ्या दंडाला हात लावून बघायचे. दोनेक वर्षांनी एकदा ते सकाळच्या गाडीनं अचानक आले. बायकोनं चहा ठेवला. त्यांनी आधी माझ्या दंडाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "केंद्रावर नवीन साहेब आलाय, दुधाचंच शिकून आलेला. त्याला सहज विचारलं. तो म्हनला, निवळीची पावडर उकळली की साकळनारच, गुठळ्या होनारच. न साकळली तर समजा भेसळ हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, चार नंबरनं त्या वासराला काय झालं, आठवतं का?"

त्या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याएवढा मी वाईट नव्हतो. मी सगळं सांगितलं. दार लावून खाल्लेलं, वाढलेले किलो, वहिनींकडे नेलेला डबा, आणि वहिनी काय म्हणाल्या तेही शब्दाला शब्द सांगितलं. वाटलं, आता हा माणूस उठेल आणि माझ्या थोबाडीत मारेल, मारावीच. त्यांनी पिशवीतून ती वही काढली. चार नंबरचं पान उघडलं. लाल पेन्सिलीनं लिहिलेल्या 'नापास'मधल्या 'ना'वर एक आडवी रेघ ओढली. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

"मी तिला न तपासता घेतलं, गुरुजी," ते म्हणाले. "तिनंबी मला तसंच घेतलं. एकदा तरी तपासायचं होतं तिनं मला."

बायकोनं चहा आणून ठेवला. त्यांनी कप उचलला आणि वास न घेता, उजेडात न धरता, चहा वाफाळता असतानाच पिऊन टाकला.