झांजा कुणी खाल्ल्या

वडीगोद्रीच्या फाट्यावर गाडी बंद पडली की माणूस आधी देवाचं नाव घेतो, मग इंद्रभानचं. देव काही येत नाही. इंद्रभान येतो, एका पायात चप्पल, दुसरी शोधत, कानात वायरी खुपसून, मान झिंगल्यासारखी हलवत. वय एकोणपन्नास. पुढचे केस गेलेले, मागचे मानेखाली राखलेले. गल्लीतल्या बाया म्हणतात, पुढून बघा तर आजोबा, मागून बघा तर बँडवाला. त्याची बायको वंदना यावर हसत नाही, कारण त्या केसांचं तेल तिच्या उशीच्या खोळीला लागतं.

इंद्रभानचा बाप मेंढरं राखायचा. धुळीत समोरचं दिसत नसलं तरी दीडशे मेंढरांतलं कुठलं पिलू मागं राहिलं, हे म्हातारा नुसत्या ओरडण्यावरून सांगायचा. मेंढरं पुढं विकली गेली. इंद्रभानच्या वाटणीला तेवढा कान आला आणि त्या कानावर त्याने गॅरेज उभं केलं. गिऱ्हाईक आलं की बोनेट उघडायचं, लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि समाधी लागल्यागत डोळे मिटायचे. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की दटावणी ठरलेली, "तू गप. तिला बोलू दे." अर्ध्या मिनिटात निकाल. तीस वर्षांत निकाल फिरला नाही, असं तो स्वतः सांगतो. इतरही सांगतात, पण जरा कमी वेळा.

रॉक म्युझिकचं खूळही हायवेनेच दिलेलं. जालन्याला आयटीआय करून नुकताच आला होता, तेव्हा शिलाँगकडचा एक ट्रक ॲक्सल तुटून फाट्यावर चार दिवस पडून राहिला. ड्रायव्हरला मराठी येईना, ह्याला त्याची भाषा येईना. दोघं केबिनमध्ये बसून कॅसेट ऐकत राहिले. जाताना ड्रायव्हरने ती कॅसेट ह्याच्या हातात ठेवली. शब्द एक कळत नव्हता, पण गिटार कुठं फाटते, ढोल कुठं धाप लागल्यागत पडतो, त्यावर झांजा कशा सळसळतात, ते इंद्रभानला इंजिनासारखं कळलं. गावाला मात्र काही कळलं नाही. गाव भजनाचं आणि डीजेचं.

म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर त्याला फोनमधला 'इंजिन आणि गिटार' हा ग्रुप सापडला, तेव्हा घरजावयाला स्वतःचं घर मिळावं तसं त्याला झालं. बावीस माणसं, सगळी महाराष्ट्रातली, कुणीच कुणाला भेटलेलं नाही. नागपूरची तृप्ती ग्रुपची मालकीण. बँकेत नोकरी, दुपारच्या सुट्टीत ड्रमरवरून भांडण. सोलापूरचे रामराव, ज्यांची गाडी वर्षातले आठ महिने दुसऱ्याच्या अंगणात असते. केदारखेड्याचा भारत, जालन्याच्या बियाणे कंपनीत कारकून, रोज गाडीने जा-ये. सकाळपासून तिथं बडबड चालायची.

"रामराव, गाडी आली का घरी?"

"आली होती. पाहुण्यासारखी. चहा पिऊन गेली."

"क्लच जळाल्याचा वास येतोय, काय करू?"

"नाक दाब आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा तिसरा ट्रॅक लाव."

रविवारी तृप्तीचा खेळ असायचा. ती दहा सेकंद एखाद्या बिघडलेल्या गाडीचा आवाज टाकायची, दहा सेकंद एखाद्या गाण्याचा. गाडीचा रोग सांगा, गाणं ओळखा. दीड वर्ष इंद्रभान दोन्हीत पहिला. गावात ज्याला "ए मिस्त्री" म्हणत, त्याला तिथं "उस्ताद" म्हणत. वंदना भाकरी थापता थापता म्हणायची, "उस्ताद, पिठाचा डबा खाली घ्या." तेवढ्यानेही तो फुलायचा.

मग मागच्या साली गोष्टी नाहीशा व्हायला लागल्या.

आधी चिमण्या गेल्या. इंद्रभानने चहाच्या टपरीवर जाहीर केलं, मोबाइलच्या टॉवरने चिमण्या मारल्या, गावात एक उरली नाही. चार माणसांनी माना डोलावल्या. टॉवरला शिव्या द्यायला कुणाची ना नसते. मग कुकरच्या शिट्ट्या गेल्या. हल्ली कुकर हलके येतात, असा शोध त्याने लावला. आणि पोळ्याच्या सुमारास झांजा गेल्या.

झालं असं की, ज्या बँडवर सगळ्या ग्रुपचा जीव, त्यांचा चाळीस वर्षं जुना अल्बम नव्याने साफसूफ करून आला. तृप्तीने टाकला. इंद्रभानने ऐकला आणि लिहिलं, "झांजा खाल्ल्या हरामखोरांनी."

तृप्ती म्हणाली, "उस्ताद, आहेत हो झांजा. पहिल्या सेकंदापासून आहेत."

"तीस वर्ष ऐकून राह्यलो ताई. मला नका शिकवू."

आता गंमत बघा. रामरावांनी लिहिलं, उस्ताद म्हणतात त्यात तथ्य आहे, झांजा दबलेल्याच वाटतात. पुण्याच्या एकाने दुजोरा दिला. तिसऱ्याने तर कंपनीला पत्र लिहू म्हटलं, आणखी दोघांनी अंगठे दाखवले. चांगल्या धडधाकट कानांची पाच माणसं, कानावर आदळणाऱ्या झांजा त्यांना इंद्रभानच्या शब्दासाठी ऐकू येईनाशा झाल्या. तृप्ती एकटी पडली आणि चिडून दोन दिवस गप्प बसली.

हे भांडण ऐन रंगात असताना भारतने गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "भाऊ, ब्रेक मारला की हे येतंय. बघा बरं."

इंद्रभानने ऐकलं. रस्त्याचा घरघराट, गिअरचा खटका, बस्स. पुन्हा ऐकलं. वायरी काढून, फोन कानाला चिकटवून ऐकलं. काहीच नाही. आवाज पुरता चढवला, तरी नाही. पण इकडं झांजांवरून पाच माणसं आपल्या बाजूने उभी, आणि तिकडं भारत विचारतोय, "येतोय ना ऐकू?"

त्याने लिहिलं, "बराबर ऐकू येतंय. धूळ बसली असंल. चालव बिनधास्त." आणि खाली एक हसरा चेहरा टाकला.

तीन आठवड्यांनी भारत गाडी घेऊन फाट्यावर हजर. आईला, साळूबाईला, जांब समर्थला दर्शनाला नेत होता. म्हणाला, वाट वाकडी करून उस्तादला भेटूनच जाऊ. ग्रुपमधलं माणूस पहिल्यांदा हाडामांसाचं दिसलं. दोघांनी मिठी मारली आणि मग काय बोलावं ते कुणाला सुचेना. फोनमध्ये बोलणं सोपं असतं.

"हाच का त्यो फोनमधला डाक्टर?" साळूबाईने विचारलं.

"हाच, आई."

"केस कापायला वेळ भेटत न्हाई वाटतं."

चहा झाला. भारत म्हणाला, "भाऊ, एक चक्कर मारू. ते ब्रेकचं बघा जरा." इंद्रभान पुढं बसला, म्हातारी मागं. सर्व्हिस रोडला गतिरोधक आला आणि भारतने ब्रेक दाबला.

"आगं माय माय!" साळूबाईने पदरासकट दोन्ही कान दाबले. "डुकराचं पिल्लू घावलं का रं चाकाखाली?"

इंद्रभान हसला. म्हातारी विनोदी दिसते, असं त्याला वाटलं. मग त्याने भारतकडं पाहिलं. भारतचे डोळे बारीक झालेले, दात आवळलेले, कच्ची चिंच चावल्यासारखे. पुढच्या वळणाला पुन्हा ब्रेक लागला. पुन्हा मागं पदर कानावर गेला. खिडकी उघडी होती. इंद्रभानला वारा ऐकू येत होता, टायर ऐकू येत होते, स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"वाढलंय ना भाऊ पहिल्यापरीस?"

"हां," इंद्रभान म्हणाला. "वाढलंय."

गॅरेजात येऊन त्याने पुढचं चाक काढलं. ब्रेक पॅडमध्ये पत्र्याची एक बारीक जीभ असते. पॅड झिजत आलं की ती डिस्कला घासून किंचाळते; मालकाला सांगते, बाबा आता बदल. नाही बदललं तर लोखंड लोखंडाला घासतं, मग ब्रेक लागेनासा होतो. इथली जीभ किंचाळून किंचाळून चकचकीत झाली होती. बाहेरचं पॅड बरं होतं. आतलं पापडाएवढं पातळ उरलं होतं, तेही एका कडेला.

"किती दिवस चालवली अशी?"

"तुम्हाला पाठवलं तवापासून. तुम्ही चालव म्हणलात, मंग चालवली. रोज केदारखेडा ते जालना. मागच्या हप्त्यात सगळ्यांना घेऊन राजूरला गेल्तो."

इंद्रभान उकिडवा बसला होता, तो खाली फरशीवरच टेकला. "भारत, मला ऐकू आलं न्हाई."

"कव्हा? आत्ता?"

"आत्ता बी. तव्हा बी."

भारतने काढलेलं पॅड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. स्टुलावर बसलेली साळूबाई बोलली. आवाज चढवला नाही तिने. "न्हाई आलं तर न्हाई म्हनावं बाबा. गाडीत माझी नात व्हती."

"जाऊ दे ना आई."

"मी कुठं भांडून राह्यले? सांगून राह्यले."

नवी पॅडं बसली. निघताना भारतने खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, ग्रुपवर मी काय बोलणार न्हाई. टेन्शन घेऊ नका." म्हातारीचं बोलणं इंद्रभानने पचवलं होतं. हे पचलं नाही.

संध्याकाळी त्याने वंदनाच्या कानात एक वायर घातली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. "ह्याच्यात झांजा वाजतात का सांग."

तिने तोंड वाकडं करून ऐकलं. "मांडणीवरची भांडी पडल्यागत वाजून राह्यलं सारखं. हेच ऐकता व्हय रोज?"

"चिमण्या?"

"शटरच्या वर घरटं हाय त्यांचं. दिवसभर तुमच्या डोक्यावर कालवा करतात."

"सांगितलं का न्हाईस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणलात, टॉवर."

जालन्याच्या कानाच्या डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडं, जाड आवाजांपाशी, सपाट; उजवीकडं, बारीक आवाजांपाशी, दरीत उतरलेली. तीस वर्षं ग्राइंडर, हॉर्न आणि कानातल्या वायरी. बारीक आवाज गेले ते गेले. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं धड कळेल. "आणि इंजिन?" इंद्रभानने विचारलं. डॉक्टरांना प्रश्न समजला नाही.

परत येताना बसमध्येच त्याने ग्रुपवर लिहिलं. चार वेळा पुसलं, पाचव्यांदा पाठवलं. "तृप्तीताई, झांजा आहेत. माझे कान गेले. भारतच्या ब्रेकचा आवाज मला आला नव्हता, तरी चालव म्हणलो. त्याच्या घरचे वाचले ते नशिबाने. मला कुणी उस्ताद म्हणू नका."

आधी रामराव आले. "म्हणजे झांजा होत्या होय? मलाही आत कुठंतरी वाटतच होतं." त्यावर कुणीतरी हसलं. मग जोडलेले हात आले, रडके चेहरे आले. तृप्तीने लिहिलं, "दादा, काळजी घ्या." उस्ताद नाही, दादा. त्यानेच सांगितलं होतं, तरी तो शब्द बराच वेळ बघत राहिला.

पुढच्या रविवारी खेळ झाला नाही. का नाही, हे कुणी विचारलं नाही. कुणाची बॅटरी उतरली, कुणाच्या रेडिएटरचं झाकण उडालं, सगळं लिहून. गाण्यांवरही बोलले, कुठला गिटारवाला किती उंच, कुणाचं कितवं लग्न. सगळे मिळून आवाजाला वळसा घालत होते. घरात कुणी गेलं की माणसं जशी पावसापाण्यावर बोलतात, तसं. इंद्रभानने सगळं वाचलं आणि एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

सोमवारी सकाळी पैठणकडची एक जीप आली. मागं सात-आठ माणसं, दोन लेकुरवाळ्या. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, पुढून आवाज येऊन राह्यला. जरा कान लावा ना. नाव ऐकून आलो तुमचं."

इंद्रभानने जॅक ओढला. "चारी चाकं काढून बघतो. दोन तास लागतील."

"दोन तास? लोक तर म्हणतात, अर्ध्या मिनिटात सांगता तुम्ही."

"सांगत होतो."

"न्हाई जमायचं. बारा वाजेपर्यंत जालन्याला पोचायचंय. तिकडंच दाखवतो मंग."

इंद्रभान जॅक हातात धरून उभा राहिला. जीप वळली. हायवेच्या तोंडाशी ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि टपरीवर चहा पीत बसलेल्या चार माणसांच्या माना एकदम तिकडं फिरल्या. एकाने तोंड कसनुसं केलं.

ते बघून इंद्रभान जॅक टाकून पळत सुटला. "ए, थांब! थांब रे!" हात हलवत तो रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. पण हायवे मोकळा होता आणि जीप तोवर अंबडच्या दिशेला लागली होती.

टपरीवरची माणसं आता त्याच्याकडं बघत होती.

"काय झालं रे मिस्त्री?"

"कसा आवाज आला?" इंद्रभानने धापा टाकत विचारलं. "घासल्याचा का किंचाळल्याचा?"

ती एकमेकांकडं बघायला लागली.

"आला बुवा," एक जण म्हणाला. "जसा येतो तसा."