जोड लावणारा दयानंद

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर रात्रपाळी करणारा दयानंद पैलवान नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याच्या मिशा बघून सगळ्यांचा तसा समज होतो आणि तो दूर करायची दयानंदला कधी घाई नसते. तो जोड लावणारा. चिकोडीकडच्या गावांतून जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं. तिथे कुठल्या गड्याशी कुठला गडी लावायचा, हे ठरवणारा जाणता माणूस लागतो. दोघांना शेजारी उभं करायचं, खांदे बघायचे, मांड्या बघायच्या, वय विचारायचं. मग दोघांनाही तोंडावर विचारायचं, "धरतोस का?" दोघं हो म्हणाले की त्यांचे हात धरून वर करायचे आणि हलगीवाल्याला खूण करायची. एकाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही, असं करणाऱ्याला पुढच्या जत्रेला कोणी बोलावत नाही. दयानंदला बावीस वर्षं बोलावत होते.

मग पोटापाण्यासाठी तो बंगळूरला आला आणि बारा वर्षं आमच्या येलहंक्याच्या गेटवर बसला. बायको गंगव्वा गावी. तिला आणायचं म्हटलं तर ठेवायचं कुठे? रात्रपाळीवाल्यांना कंपनीने दिलेली एक खोली होती, तिच्यात सहा बाप्ये पाळीपाळीने झोपत.

यावर्षी कंपनीने सुपरवायझरच्या तीन जागा काढल्या. दिवसपाळी, आणि राहायला वेगळी खोली. फक्त लेखी परीक्षा द्यायची, तीही इंग्रजीत, कारण सुपरवायझरला फ्लॅटवाल्यांना रोज रिपोर्ट लिहावा लागतो. दयानंदने नमुन्याची प्रश्नपत्रिका आणली आणि सकाळी ड्युटी सुटल्यावर थेट आमच्या दारात उभा राहिला.

"काका, वैनी हायत का? हे मला झेपंना."

वैनी म्हणजे माझी सून चंदना. ती बंगळूरच्याच जुन्या मराठी घरातली. त्यांचे पूर्वज म्हणे घोड्यावरून आले. आता ती घरी बसून जयनगरच्या एका कोचिंग क्लाससाठी इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न तयार करते. चार पर्याय द्यायचे, त्यांतले तीन चुकीचे. पण चुकीचेसुद्धा असे की शहाणा माणूस फसावा. दिवसभर चुका रचायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या शाळेत मी हेच काम फुकट करत होतो.

चंदनाने कागद बघितला. "अण्णा, बाकीचं स्वल्प सराव केला की येईल. पण तुलनेच्या प्रश्नांत तुम्ही सगळीकडे मार खाल्लाय."

"तुलना तर सोपी. बंगळूरपेक्षा आमच्या गावचं पाणी गोड."

"बघा, तिथेच चुकलं. पाणी कशाशी लावलंत? शहराशी. आपण बोलताना चालतं, पण या परीक्षेत नाही. पाणी पाण्याशीच लावायचं. गावचं पाणी, बंगळूरचं पाणी."

मी पेपर वाचतोय असं दाखवत ऐकत होतो. निपाणीजवळच्या आमच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो. तिथले मास्तर मला म्हणायचे, "तुझ्यापेक्षा त्या गंगारामचं अक्षर बरं." पासष्ट वर्षं हे वाक्य मी मनाला लावून घेतलं होतं. त्या सकाळी मला कळलं की मास्तरांची जोडच चुकली होती. मी माणूस, आणि माझ्यासमोर उभं केलं होतं अक्षर. इतकं बरं वाटलं की मी आणखी एक कप चहा मागितला.

पण दयानंदला काही केल्या उमगेना. चार दिवस गेले. तो खाली मान घालून चुकीच्या पर्यायावर खूण करी, चंदना "सरी, परत बघू" म्हणे, आणि तिसऱ्यांदा "सरी", म्हणजे कन्नडमधलं "बरं", म्हणताना तिचा आवाज बारीक होई. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही.

"दयानंदा," मी म्हटलं, "तू मैदानात एका बाजूला पैलवान उभा केलास आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. लागेल का कुस्ती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "म्हंजे ह्यो जोड लावायचाच धंदा हाय म्हना की."

तिथून त्याची गाडी सुटली. प्रश्न आला की तो आधी दोन्ही बाजूंना कोण उभं आहे ते बोटाने दाखवी. "ह्यो आवाज. आनि हिकडं? हिकडं माणूस. न्हाई चालत. ह्येला घरी पाठवा."

चंदनाने पुढचं प्रकरण काढलं. नुसती माणसं सारखी असून भागत नाही, दोन्हीकडच्या शब्दांचं रूपही सारखं लागतं. एकीकडे 'पळणं' असेल तर दुसरीकडे 'पोहणं' हवं, 'पोहायला' नको. ती उदाहरण शोधेपर्यंत दयानंदच म्हणाला, "वैनी, एक लंगोट कसून आला आनि दुसरा पँट घालून, तर पंच सोडंल का आत? दोगांचा पोशाख एकच पायजे."

चंदनाने पेन खाली ठेवलं. "बाबा, हे मी क्लासच्या पुस्तकात घालू?"

"माझं नाव घाल," मी म्हटलं.

"तुमचं कसं? लंगोट त्यांचा."

चंदनाने रचलेला सगळ्यात अवघड प्रश्न असा: 'शिवाप्पा कंपनीतल्या कुठल्याही गार्डपेक्षा उंच आहे.' यात चूक काय? मला ती अजून नीट सांगता येत नाही. दयानंदने मिनिटभर डोळे मिटले. "शिवाप्पा सोता कंपनीतच हाय की. मग त्यो सोताशीच धरनार का? आधी त्येला रांगेतनं भाईर काढा. मग म्हना, बाकीच्या गार्डांपेक्षा उंच."

शिवाप्पा हा खराच माणूस बरं का. मागच्या गेटवरचा गार्ड. उंच, आवाज मोठा, चहा उत्तम करतो, आणि मध्यरात्रीनंतर त्याला उठवायला दयानंदला स्वतः जावं लागतं. परीक्षेला तोही बसणार होता.

परीक्षा बंगळूरच्याच शिवाजीनगरला, कंपनीच्या ऑफिसात. मी बरोबर गेलो. सून म्हणाली, तुम्ही कशाला. मी म्हटलं, मैदानाला माणसं लागतात. ऑफिसच्या पायऱ्यांवर थांबून दयानंद म्हणाला, "गंगव्वाला सांगितलं न्हाई मी परीक्षेचं. नापास झालो तर तिला पुन्ना वाट बघाय लागंल."

मला बाहेरच्या बाकावर जागा मिळाली. दार उघडं, सगळं दिसत होतं. चौदा गार्ड लांब लांब बसवलेले. देखरेखीला एक कडक साहेब, कन्नड आणि इंग्रजी बोलणारे, हातात घड्याळ. तासभर दयानंदचं बोट कागदावर डावीकडे उजवीकडे फिरताना मी बघत होतो, म्हणजे जोड्या लागत होत्या. मी निर्धास्त झालो. शेजारच्या शिपायाला मी आमच्या गावच्या तहसीलदाराची गोष्ट सांगायला घेतली, ती अर्ध्यावर आली आणि आत दयानंद उठून उभा राहिला.

तो सरळ चालत गेला. मधल्या दोन रांगा ओलांडून शिवाप्पाच्या टेबलाशी थांबला, वाकला आणि त्याच्याशी काहीतरी बोलला. शिवाप्पाने मान हलवली. दयानंदने त्याचा हात हातात घेतला.

साहेब तिथे कसे पोचले मला कळलं नाही. पण पोचले, आणि दोघांचेही पेपर त्यांच्या हातात होते.

"कॉपी," साहेब म्हणाले. "दोघंही बाहेर."

मी दारात जाऊन उभा राहिलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण म्हाताऱ्याला कोण हाकलतो.

"सर, त्येला कशाला? त्यो बसूनच व्हता. माझा कागद फाडा, त्येचा ठेवा." हे दयानंदने मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये, मग तिसऱ्यांदा निम्मं इंग्रजीत.

"मग काय विचारलंस त्याला?"

शिवाप्पानेच कन्नडमध्ये सांगून टाकलं. शेवटचा प्रश्न असा होता की सोबतच्या एखाद्या गार्डच्या कामाशी स्वतःच्या कामाची तुलना तीन वाक्यांत करा. "हा मला विचारायला आला, सर, की शिवाप्पाण्णा, तुझ्याशी जोड लावू का? मी म्हटलं, लाव."

"परवानगी?" साहेबांनी चष्मा काढला. "परीक्षेत?"

"न विचारता कुनाची जोड लावत न्हाईत, सर," दयानंद कन्नडमध्ये म्हणाला. "त्यो समोर बसलाय आनि मी पाठीमागनं त्येचं मोजमाप लिवायचं, हे बरं दिसत न्हाई."

चौदातले बारा जण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी धरले आणि एकेक ओळ ताडून बघितली. दोघांची उत्तरं कुठेच जुळत नव्हती. शिवाप्पाची तर कशाशीच जुळत नव्हती. शेवटचा प्रश्न दोघांचाही कोरा.

"वेळ संपलीय," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "लिहायला देणार नाही. परवानगी मिळाली ना? मग इथेच सांग. इंग्रजीत. तीन वाक्यं."

दयानंदने घसा साफ केला. शिवाप्पाला खुर्चीतून उठवलं, शेजारी उभं केलं, त्याचा डावा हात धरून वर केला. मला वाटलं आता हलगी वाजणार.

"शिवाप्पाज व्हॉइस इज लाउडर दॅन माय व्हॉइस."

साहेबांनी एक बोट उघडलं.

"माय आइज आर शार्पर दॅन शिवाप्पाज आइज."

दुसरं बोट.

तिसऱ्याला तो थांबला. मी ओळखलं त्याच्या मनात काय आलं ते. शिवाप्पानेही ओळखलं असावं, कारण त्याचा वर धरलेला हात हळूहळू खाली यायला लागला. झोपेच्या बाबतीत या दोघांची जोड लावली असती तर निकाल तिथेच लागला असता, आणि शिवाप्पाची नोकरी गेली असती. दयानंदने हात पुन्हा वर नेला.

"शिवाप्पाज टी," तो म्हणाला, "इज बेटर दॅन माय टी."

या वेळी साहेबही हसले. "सरी," म्हणाले, "दोघंही जा. पेपर तपासतो." मग मला म्हणाले, "आणि तुम्ही कोण?"

"प्रेक्षक," मी म्हटलं.

नऊ दिवसांनी निकाल लागला. तिघांत दयानंद तिसरा. तुलनेचे सगळे प्रश्न बरोबर, स्पेलिंगमध्ये मात्र बरेच मार्क गेलेले. शिवाप्पा मागच्या गेटवरच राहिला. त्याला आता चंदनाकडे शिकायचंय, फी म्हणून चहा करून देईन म्हणतो.

खोली मिळाली त्या रविवारी गंगव्वा गाडीने आली. येलहंक्याच्या स्टेशनवर दयानंदबरोबर मीही होतो. किरकोळ बांध्याची बाई, हातात एकच कापडी पिशवी. खोलीवर आली, नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, चूल कुठे मांडायची ते विचारलं. गॅस आहे म्हटल्यावर त्याची कळही फिरवून बघितली. दयानंद पिशवीकडे बघत होता.

"एवढंच आनलंस?"

"आठ दिसाची लुगडी हायत की. दिवाळीला तुमी आठ दिस येता तेवडंच मला म्हाईत. फोनवर म्हनला, राहायला ये. राहायला म्हंजे किती, ते कुठं सांगितलंसा?"

बावीस वर्षांच्या जत्रांतल्या पन्नास पन्नास जोड्या तोंडपाठ सांगणारा माणूस हा. तो नळ बंद करायला गेला. नळ आधीच बंद होता.

शेवटी मीच सांगितलं. "गंगव्वा, आता परत जायचं नाही. कायमचं."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. जरा वेळ त्या खोलीच्या चारी भिंतींकडे बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मग हे आधी सांगाय नगो? म्हस शेजारी बांदून आलीया मी, आठ दिसाच्या बोलीवर."

नवव्या दिवशी ती गावी परत गेली. म्हैस बहिणीच्या गोठ्यात पोचवली, घराला कुलूप लावलं, आणि पुढच्या सोमवारी सात बोचकी घेऊन आली. उतरवून घ्यायला मी, दयानंद आणि शिवाप्पा, असे तिघे लागलो.