दुसऱ्या ओळीची वही

सहा उशांपैकी तीन उशांना अभ्रे चढले होते आणि चौथीचा एक कान आत, एक बाहेर होता, तेवढ्यात फोन वाजला. थोरल्या बहिणीची सून बोलत होती.

"मावशी, मी फोन केल्याचं आईंना कळू देऊ नका हं. त्या शनिवारी लेकीकडे चालल्यात, कायमच्याच. विमानात वजन भरतं म्हणून नको ते सगळं काढायचं चाललंय. ती गाण्यांची वहीही रद्दीत घाल म्हणाल्या. रद्दीवाला आज पाचला येतो. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"बरं," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. बरं नाही तर दुसरं काय म्हणणार? थोरलीशी तिचा तीन वर्षं अबोला होता.

तिला सगळे धाकटीच म्हणत. सहासष्टावं लागलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच. तीस वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायला होती. एका शर्टाला सात बटणं, आणि सात बटणांना एक गाणं. आपल्या ओळी म्हणत, मधल्यांना नुसतं हूं हूं करत गाणं मनातल्या मनात संपलं की शर्ट बाजूला. शेजारची बाई घड्याळाकडे बघून काम करायची आणि मागे पडायची. "तुझ्या डोक्यात रेडिओ आहे बाई," असं ती चिडून म्हणायची.

रेडिओ खरं तर भिंतीपलीकडचा होता. दोघी लहान असताना घरात रेडिओ नव्हता. शेजाऱ्यांकडे दर बुधवारी संध्याकाळी अर्धा तास जुन्या हिंदी सिनेमांतली गाणी लागत. जुनी म्हणजे तेव्हाच जुनी, आईच्याही लग्नाआधीची. नाकातून गाणाऱ्या बायका, दोन-तीन वाद्यं आणि मागे सतत खरखर. पण ती गाणी अशी चिकटायची की भांडी घासताना, वेणी घालताना, शाळेत पाढे म्हणताना तीच ओठांवर. दोघी भिंतीला पेला लावून, त्याला कान लावून ऐकायच्या.

गाणं तीन मिनिटांत संपायचं, कुणासाठी थांबायचं नाही. एकटीच्या हाताला तो वेग झेपेना. मग थोरलीने वाटणी केली. पहिली, तिसरी, पाचवी ओळ ती लिहिणार. दुसरी, चौथी, सहावी धाकटीने लिहायची. दोघींच्या दोन वह्या. पुढे दोन्ही मिळवून एक पक्की वही करायची, असं ठरलं होतं. ती कधी झालीच नाही. गरजच पडली नाही, कारण गायच्या त्या दोघी मिळूनच. एक ओळ हिची, एक तिची. एकशे बारा गाणी झाली. दोघींतली एक दुसरीजवळ नसेल, असा दिवस येईल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तो आला तीन वर्षांपूर्वी, थोरलीच्या नातवाच्या साखरपुड्यात. लोकांनी आग्रह केला, दोघी गायला बसल्या. धाकटीला खोकला आला, ती श्वासभर उशिरा शिरली. थोरलीने गाणं तोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जन्मभर हिला दुसरीच ओळ दिली, तीसुद्धा वेळेवर येत नाही!" हशा पिकला. धाकटीही हसली. घरी आली ती पुन्हा गेली नाही.

आता चौथी उशी तशीच टाकून ती स्वयंपाकघरात गेली. कशाला आली ते आठवेना. परत आली. जपाची माळ घेऊन बसली, तर देवाच्या नावाच्या जागी वहीतल्या एका गाण्याची चौथी ओळ आली, पुढच्या मण्याला सहावी. मधल्या मण्यांवर नुसती हूं हूं. "क्षमा कर रे," ती देवाला म्हणाली आणि माळ डबीत ठेवली.

"पायाला चाकं लावलीत का?" नवऱ्याने पेपरातून डोकं काढून विचारलं. "बस की."

तिने वहीचं सांगितलं. त्याने फोन हातात घेतला. "एवढंच ना? पहिली ओळ सांग, आत्ता काढून देतो."

"पहिली माझ्याकडे असती तर हवं काय होतं?"

"म्हणजे उत्तरं तुझ्या वहीत आणि प्रश्न तिच्याकडे. अजब कारभार तुम्हा बहिणींचा!"

त्याने दुसऱ्या ओळीवरून शोध शोध शोधलं आणि गाणं काढलंच. तीच बाई, तीच खरखर. ओढणीच्या टोकाशी चाळा करणारे धाकटीचे हात थांबले. पण पहिली ओळ आली की तिचं तोंड मिटे, दुसरी आली की उघडे. पन्नास वर्षांची सवय. गाणं संपलं.

"झालं समाधान?"

"अहो, गाणं मिळालं. वही मिळाली का?"

पावणेदोन वाजले होते. तिने घराच्या तीन फेऱ्या मारल्या, दोनदा फोन उचलून ठेवला, तिसऱ्यांदा लावला. पलीकडे थोरलीच होती.

"कोण?"

"कोण बोलतंय?" असं थोरलीने पुन्हा विचारलं, तेव्हा धाकटीने त्याच गाण्याची दुसरी ओळ गायली. बारीक आवाजात, एका दमात.

पलीकडे थोरली खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग, "अजून खालीच आहे सूर तुझा."

"ताई, वही रद्दीत घालू नकोस."

"घालणार. तिकडे एकटीने पहिल्या ओळी म्हणून काय करू? पुढे कोण म्हणणार, जावई?"

धाकटीला हसू आलं, ते तिने गिळलं. "मग मला दे."

"तुला देऊन मी रिकामी बसू? वा गं वा!" थोरली खोकली. "दोघींनी उतरवायचं असेल तर ये. तुझी वही घेऊन ये. आणि पाचची वाट बघू नकोस, रद्दीवाला साडेतीनलाच उगवतो, सुनेला वेळ कधी कळलीय?"

"एकशे बारा आहेत ताई. शनिवारपर्यंत होतील?"

"बोलत बसलीस तर नाही होणार," आणि फोन बंद.

साखरपुड्याच्या त्या दिवसाबद्दल थोरलीने चुकलं वगैरे काही म्हटलं नाही. धाकटीला ते टोचलं. पण टोचून घ्यायला शनिवारनंतर पुष्कळ दिवस होते. तिने कपाटाच्या तळातून आपली वही काढली, पिशवीत टाकली, चपला घातल्या.

"आणि ह्या उशा?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला दोन हात आहेत की!" ती जिन्यातून म्हणाली. तिला आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी दोन कोऱ्या वह्या घ्यायच्या होत्या.